सुरेखा, माप मी लावलं होतं

सुरेखा,

तुझ्या बचत गटाच्या बायका परवा येऊन गेल्या. तुझ्यासाठी शोकसभा ठेवतायत, चार शब्द लिहून द्या म्हणाल्या. तुम्ही मास्तरीण, तुमच्याइतकं कुणाला जमणार? मी वही घेऊन बसले. मनमिळाऊ, कष्टाळू, मोठ्या जावेला आईच्या जागी मानणारी, असं पानभर लिहिलं, वाचलं आणि फाडून टाकलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, पण ते लिहायचा अधिकार मला नव्हता. हात थरथरतो असं सांगून मी बायकांना परत पाठवलं. माझा हात मुळीच थरथरत नाही. अजूनही फळ्यावर लिहावं तसं सरळ लिहिते.

म्हणून हे तुलाच लिहितेय.

तुला जाऊन अठरा दिवस झाले. पपईच्या मळ्यात फळं उतरवता उतरवता तू बांधावर बसलीस, आणि मजूर बायकांना वाटलं, दमली असेल. शहाद्याला नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. छातीत भरून येतंय, दम लागतोय, असं तू आधी कुणालाच म्हणाली नव्हतीस. न बोलायची सवय तुला या घरात लागली. ती कुणी लावली ते मला ठाऊक आहे.

तू आलीस तेव्हा विशीची होतीस आणि मी बत्तिशीची. सासूबाई वर्षभरापूर्वीच गेल्या होत्या, त्यामुळे तुझी जाऊ म्हण, सासू म्हण, मीच होते. मी गावातल्या शाळेत शिकवायचे, पगार आणायचे, आणि घरातही माझाच शब्द चालायचा. आपले नवरे, दोघे भाऊ, शेतात असायचे. स्वयंपाकघरात काय चालतं ते त्यांनी कधी पाहिलं नाही. तुझं माहेर विसरवाडीचं. फाट्यावर तुझ्या वडिलांची खाणावळ. आई तुझ्या लहानपणीच गेलेली, त्यामुळे ट्रकवाल्यांना ताटं वाढत वाढतच तू मोठी झालीस. पहिल्या दिवशी आपण दोघी जेवायला बसलो, तर तू कळण्याच्या तीन भाकरी ठेच्याबरोबर खाल्ल्यास, चौथीला हात घातलास आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून हसलीस. "आमना घरमा कोनी उपाशी उठत नही, ताई."

मला तुझं ते खाणं फार आवडलं होतं, सुरेखा. हे तुला कधी सांगितलं नाही. तू आल्यावर या घरात कुणीतरी मोठ्यानं हसायला लागलं. मला टायफॉइड झाला तेव्हा तू वीस-बावीस दिवस माझं सगळं केलंस, माझे केस विंचरलेस, शाळेच्या मुलींनी पाठवलेली पत्रं मला वाचून दाखवलीस. अडखळत वाचायचीस आणि स्वतःच्याच चुकांना हसायचीस. त्याच्या पुढच्याच वर्षी तुला दिवस गेले.

आता जे लिहिते ते तुला माहीतच आहे. तरी मी ते माझ्या हातानं लिहायला हवं.

तू या घरात यायच्या सात वर्षं आधी मी गरोदर होते. सासूबाईंनी मला खूप खाऊ घातलं होतं. कळा सुरू झाल्या आणि मूल अडलं. एक दिवस घरीच गेला, मग जीपमध्ये आडवं टाकून मला नंदुरबारला नेलं. मुलगा होता, चार किलोच्या वरचा, गेलेला. माझी पिशवीही काढावी लागली. घरी आल्यावर सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "भलतंच खादं तिनी. पोर पोटमा वाढी गयं." ज्यांनी वाढलं त्यांनीच हे म्हटलं, आणि मी ते खरं मानलं. विज्ञान शिकवणारी बाई मी. पण त्या एका वाक्याची तपासणी करायचं माझ्या मनात कधी आलं नाही. माझ्या खाण्यानं माझं मूल मेलं, हे मी पाठ करून टाकलं होतं.

म्हणून सहाव्या महिन्यापासून मी तुझ्या ताटाला माप लावलं. सकाळी अर्धी भाकरी, संध्याकाळी अर्धी, वाटीभर पातळ वरण. दूध बंद, तूप बंद, शेंगदाणे बंद. केळी तर मुळीच नाहीत, केळ्यानं मूल चिकटतं असं कुणीतरी सांगितलेलं. आणि आपल्याच वावरातून केळीचे घड ट्रक भरभरून बाहेर जात होते. काम मात्र मी कमी केलं नाही. काम करणारीची सुटका लवकर होते, असं मीच तुला सांगायचे.

"ताई, माले आखो भूक शे," तू म्हणायचीस.

"सोस जरासं. तीनच महिना ऱ्हायनात. पोर बारीक ऱ्हायनं तं सुटका सोपी व्हई."

"पन हाऊ पोटमा लाथा मारस ना."

"मारू दे."

हे दोन शब्द मी बोलले. तू नंतर कधी विचारलं नाहीस म्हणून ते पुसले गेले असं नाही.

त्याच दिवसांत मी सातवीच्या वर्गाला आहार शिकवत होते. भिंतीवर तक्ता लावला होता, कडधान्यं, दूध, पालेभाज्या, अंडी. एका मुलीनं हात वर करून विचारलं, "बाई, माझ्या वहिनीला बाळ होणारे. तिनं जास्त खायला पाहिजे ना?" मी म्हटलं, "हो, शाब्बास. तिच्या आत एक जीव वाढतोय, त्याला तिच्याच रक्तातून अन्न मिळतं." सगळ्या वर्गानं ते वहीत उतरवून घेतलं. पाच वाजता घरी येऊन मी तुझी अर्धी भाकरी मोडून ताटात ठेवली. वर्गातलं वर्गात आणि घरातलं घरात, असे दोन कप्पे माझ्या डोक्यात होते आणि मधलं दार मी कधी उघडलं नाही. खरं सांगायचं तर ते दार आहे हेही मला तेव्हा जाणवत नव्हतं. एवढी लाजिरवाणी गोष्ट कुठल्या शिक्षिकेनं लिहिली असेल का, मला माहीत नाही.

आठव्या महिन्यात तुझे वडील आले. विसरवाडीहून एसटीनं, दोन गाड्या बदलून, मोठा चार खणांचा डबा घेऊन. शेवभाजी, बाजरीच्या भाकरी, गुळाचा शिरा, भाजलेले शेंगदाणे. ओसरीवर बसून त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, "भाऊ, डॉक्टरांनी तिला जास्त खायची मनाई केलीय."

कुठल्याही डॉक्टरनं असं सांगितलं नव्हतं.

त्यांनी हात जोडले. "तुम्ही शिकेल मानसं. तुम्ही सांगशात तेच खरं. मन्ही पोरले माय नही, आते तुम्हीच तिनी माय." डबा तिथेच ठेवला, घरातल्यांनी खावा म्हणून, आणि दुपारच्या गाडीनं परत गेले. तू दारापर्यंत गेलीस. त्यांनी तुझ्या गालांकडे, मनगटांकडे पाहिलं होतं. विचारावंसं वाटलं असेल. पण मी मास्तरीण होते.

ते गेल्यावर थोड्या वेळानं मी धान्याच्या खोलीत गेले, तर तू कोपऱ्यात कोठीला टेकून बसली होतीस. डबा मांडीवर, भाकरीचा तुकडा शेवभाजीत बुडवलेला, तोंडाजवळ नेलेला. मी तो तुकडा तुझ्या हातातून घेतला. ओढून नाही, शांतपणे घेतला, जशी पोरांच्या हातातून परीक्षेत चिठ्ठी घ्यावी तसा. डबा उचलला आणि गोठ्यातल्या गड्याला देऊन टाकला. तू हात धुतलेस, पदराला पुसलेस आणि म्हणालीस, "चुकनं मन्हं, ताई."

चुकलं माझं, असं तू म्हणालीस. आणि मी ते ऐकून घेतलं.

कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की ते सगळं भीतीपोटी झालं. तुझी माझ्यासारखी गत होऊ नये म्हणून. भीती होती, खरंच होती. पण तुझं पोट दिसायला लागलं तेव्हा मी आंघोळीच्या पाण्याचा हंडा तुझ्यासमोर आपटून ठेवायला लागले होते, हेही खरं. तुला भूक लागायची आणि माझ्याकडे मागावं लागायचं, यात मला काहीतरी मिळत होतं. त्याला काय म्हणतात ते मला कळतं. आज ते लिहिताना माझे कान गरम झालेत.

हेमंत जन्मला. दोन तासांत सुटका. वजन पावणेदोन किलो. दवाखान्यातली सिस्टर त्याला कापसात गुंडाळताना कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "दिवस तर पूर्ण भरलेत. आईनं काही खाल्लं नाही का?" तू पडल्या पडल्या माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "माले जेवन जात नव्हतं."

मी मात्र त्या दिवशी अख्ख्या गावाला सांगत फिरले, बघा, किती सोपी सुटका झाली. गावातल्या चार-पाच घरांनी माझ्याकडे येऊन विचारलं, सुनेला काय खायला देऊ, काय नको. मी त्यांनाही सांगितलं. त्या घरांचा विचार आता रोज मनात येतो.

मग त्याला भरून काढायचं मी मनावर घेतलं. बारीक आहे, बारीक आहे, म्हणून बाटलीच्या दुधात साखर, सहाव्या महिन्यापासून तूप-गूळ, चालायला लागला तशी माझ्या पर्समध्ये रोज त्याच्यासाठी पेढे नाहीतर बिस्किटांचा पुडा. पहिल्या दोन वर्षांत तो असा भरला की लोक बघत राहायचे. पोट पुढे, हातपाय मात्र काटक्या. मला तेवढं पोटच दिसायचं. झोपायलाही तो माझ्याजवळच असायचा. ते मात्र तू दिलंस, मी मागायच्या आधी. तो चार महिन्यांचा असताना तू त्याला माझ्या अंथरुणावर आणून ठेवलंस आणि म्हणालीस, याला तुमच्याकडे झोप चांगली लागते. 'मोठीमाय' हा शब्द तूच त्याला 'आई'च्या आधी शिकवलास. ज्या बाईनं तुझ्या तोंडचा घास काढला तिच्या कुशीत तू तुझं पोर दिलंस. मी याचा अर्थ अजून लावू शकले नाही.

आपलं भांडण झालं ते एवढ्यावरूनच. तेही भांडण कसलं, तू दोन वाक्यं बोलायचीस.

"ताई, त्याले इतलं गोड नका देऊ. तो पोटभर जेवस ना."

"तुले काय समजस? बारीक जल्मेल पोऱ्या शे."

हे आपलं तो कॉलेजात जाईपर्यंत चाललं. तू दर दिवाळीला एकदा म्हणायचीस आणि मी दर दिवाळीला तेच उत्तर द्यायचे. आता कळतं की दोन्ही वेळा तुझंच बरोबर होतं. भूक लागली म्हणालीस तेव्हाही आणि पुरे म्हणालीस तेव्हाही.

हेमंत लोणखेड्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागला. चोवीस वर्षांचा, किडकिडीत, सायकलवर फिरणारा. कॉलेजात तपासणी शिबिर होतं म्हणून सहज रक्त दिलं आणि साखर इतकी निघाली की त्यांनी पुन्हा तपासली. दुसऱ्यांदाही तेवढीच. घरी येऊन तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "मला म्हाताऱ्यांचा रोग झालाय." तू त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिलीस. मी आत जाऊन माझ्या साखरेच्या गोळ्यांची डबी उगाच इकडून तिकडे ठेवली. मला स्वतःला पंधरा वर्षांपासून साखर आहे, पण त्याला माझ्याकडून रक्तानं यायचा प्रश्नच नव्हता.

त्या उन्हाळ्यात भाच्याच्या लग्नात पंगतीला बसलो असताना नात्यातल्या एकीनं विचारलं, एवढ्या लहान वयात कसं झालं गं? तू माझ्या डाव्या हाताला बसली होतीस. आणि मी म्हटलं, "आईनं लाडावलं, दुसरं काय."

माझ्या तोंडून ते इतकं सहज आलं. पानावरची जिलबी बाजूला सारलीस, भात कालवलास, पण घास उचलला नाहीस. मग पाणी आणते म्हणून उठलीस आणि परत पानावर आली नाहीस.

त्यानंतर महिनाभरानं आपण तिघं नंदुरबारला त्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तरुण मुलगी, चष्मा, घाई न करता विचारणारी. हेमंतचं सगळं विचारून झाल्यावर त्या तुझ्याकडे वळल्या. "हा जन्मला तेव्हा वजन किती होतं?"

"पावणेदोन किलो."

"दिवस भरलेले?"

"हो."

"पोटात असताना तुमचं खाणंपिणं कसं होतं? मोकळेपणानं सांगा."

मी माझ्या पर्सच्या चेनकडे बघत होते. मला वाटलं, आता. तू सांगणार आणि मला ते ऐकावं लागणार. आणि तू म्हणालीस, शाळेतल्या मराठीत, जी तू एरवी कधी बोलायची नाहीस, "सगळं खाल्लं, मॅडम. घरात कशाची कमी नव्हती."

दुसरं वाक्य तर खरंच होतं.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, लिहून घेतलं आणि हेमंतला समजावून सांगितलं. पोटात बाळाला कमी मिळालं तर ते काटकसर करायला शिकतं. मेंदू वाचवतं आणि बाकीच्या ठिकाणी कमी करतं. स्नायू कमी बनतात, साखर आवरणारं इन्सुलिन जिथं तयार होतं तिथल्या पेशीही कमी राहतात. बाहेर थोडंच मिळणार या हिशेबानं शरीर तयार होतं. आणि जन्मल्यावर त्याच्यावर भराभर खाणं ओतलं, तर ते त्याला पेलत नाही. अंगानं बारीक दिसला तरी पोटात चरबी साठत जाते. "असं प्रत्येकाचं होतंच असं नाही," त्या म्हणाल्या, "आनुवंशिकता असते, सवयी असतात. पण ही शक्यता वाढते. तुमच्या आईचं खाणं नीट होतं म्हणतात, मग वजन कमी का राहिलं ते आता सांगता येणार नाही."

त्या बोलत होत्या आणि मी आयुष्यात पहिल्यांदा शिक्षकासमोर बसलेल्या पोरासारखी बसले होते. एकेक वाक्य माझ्या हातांकडे बोट दाखवत होतं. आधी कमी दिलेलं, मग जास्त ओतलेलं. दोन्हीकडे मीच.

बाहेर आलो. बसस्टँडवर वाऱ्याबरोबर मिरचीचा खकाणा येत होता, तुला एकामागून एक शिंका आल्या, डोळ्यांना पाणी आलं. हेमंत गाडीची चौकशी करायला गेला. आपण दोघीच बाकावर. मी तोंड उघडलं होतं, सुरेखा. शपथेवर सांगते, उघडलं होतं. आणि तू डोळे पुसत म्हणालीस, "ताई, चहा लेशात का?" मी म्हटलं, "हो, घेऊ." चहा घेतला आणि गाडीत बसलो.

त्यानंतर तीन वर्षं होती माझ्याकडे. रोज सकाळ-संध्याकाळ तू समोर होतीस. मी माफी मागितली असती तर तू लगेच दिली असतीस, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच मागता आली नाही. इतक्या सहज मिळणारी माफी घेऊन मी कुठे ठेवणार होते?

हेमंतचं लग्न झालं, पल्लवी आली. तिला आता पाचवा महिना. तुझ्या बाराव्याला घर भरलं होतं. बायका ओसरीवर बसल्या होत्या, पल्लवी भिंतीला टेकून. आपल्या चुलत सासूनं तिला जवळ बोलावलं, पोटावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पोरी, आते हात आखडीसन खाय. पोर मोठं व्हयनं म्हंजे पोट फाडतस. सुरेखानी सुटका कशी सोपी व्हयनी, इचार तुन्ही मोठीमायले. तिनाच हातनी करामत शे."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. कौतुकानं. तुझा फोटो मागे, त्याला हार.

मी उठून उभी राहिले. बसून बोलता येणार नाही असं वाटलं. हेमंत दारात पाहुण्यांना पाणी देत होता, त्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी म्हटलं, "मी सुरेखाला उपाशी ठेवलं होतं." मग एकेक करून सगळं सांगितलं. अर्धी भाकरी. तुझ्या वडिलांना सांगितलेलं खोटं. धान्याच्या खोलीतलं. दवाखान्यात तू मला दोनदा झाकलंस ते. पंगतीत मी काय म्हटलं ते. चुलत सासू मधेच म्हणाली, "जाऊ दे व माय, आते काय त्याचं." मी म्हटलं, "जाऊ नाही द्यायचं. गावातल्या ज्या घरांना मी हे शिकवलं, त्या घरांनीही ऐका."

हेमंतनं हातातला तांब्या खाली ठेवला आणि तो निघून गेला.

तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी अंगणात तांदूळ निवडत होते, तर समोर येऊन उभा राहिला.

"मोठीमाय, आईले माहीत व्हतं? डॉक्टर बोलन्यात तधय तिले समजनं व्हतं?"

"समजलं होतं. माझ्याआधी समजलं असेल."

"तरी ती तसं बोलली?"

"हो."

त्याला रडू येत होतं आणि माझ्यासमोर ते येऊ द्यायचं नव्हतं. मग म्हणाला, "पल्लवीला दाखवायला जायचंय. तुम्ही पण चला. आईचं तिथं जे लिहून ठेवलंय ते चुकीचं आहे. तुम्ही दुरुस्त करा." मला तो लहानपणापासून 'तू' म्हणायचा. 'तुम्ही' पहिल्यांदाच म्हणाला.

काल गेलो. त्याच डॉक्टरीणबाई. मी खुर्चीवर बसल्या बसल्या सांगून टाकलं, की त्या दिवशी हेमंतच्या आईनं जे सांगितलं ते मला वाचवायला सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवून सगळं ऐकलं. मी म्हटलं, "या मुलाचा आजार माझ्यामुळे आहे, असं लिहा."

"असं मी लिहू शकत नाही," त्या म्हणाल्या. "एकट्या तुमच्यामुळे झालं असं म्हणता येणार नाही. तुमचा त्यात काही भाग नाही असंही मी म्हणणार नाही." मग त्यांनी विचारलं, "पण तुम्हाला हे सुचलं कशावरून?"

तेव्हा मी माझ्या मुलाचं सांगितलं. चार किलोचं वजन, अडलेलं मूल, सासूबाईंचं वाक्य. त्यांनी विचारलं, "तुम्हाला स्वतःला साखर आहे?"

"आहे. पंधरा वर्षांपासून कळलीय."

"गरोदरपणी तपासली होती?"

"तेव्हा कोण तपासत होतं?"

"आता खात्रीनं नाही सांगता येणार. पण कदाचित तुम्हाला तेव्हाच साखर असेल. आईच्या रक्तात साखर जास्त असली की बाळ प्रमाणाबाहेर वाढतं. औषधपाण्यानं ती आवरता आली असती. तुम्ही दोन घास जास्त खाल्ले म्हणून ते मूल गेलं, असं मला वाटत नाही."

सुरेखा, ज्या गोष्टीसाठी मी तुला उपाशी ठेवलं ती गोष्टच बहुधा खरी नव्हती. सदतीस वर्षं मी स्वतःला जो दोष देत होते तो माझा नसेल, आणि जो माझा होता तो तू तुझ्या पदराखाली घेऊन बसलीस. मला तिथं हलकं वाटायला हवं होतं. डॉक्टरीणबाईंना तसंच वाटत असावं, कारण त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. मला फक्त कोठीला टेकून बसलेली तू दिसत होतीस.

मग त्या पल्लवीकडे वळल्या. रक्ताची तपासणी लिहून दिली, साखरेचीही. उपाशी राहायचं नाही आणि कोंबूनही खायचं नाही, दोन्हींनी बाळाचं नुकसान होतं. डाळ, उसळ, अंडं, भाजी, भुकेप्रमाणे भाकरी, रोज चालणं. बाळ बारीक जन्मलंच तर त्याला साखर-तूप भरवायचं नाही, अंगावरचं दूध पाजायचं. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "घरी स्वयंपाक कोण बघतं? त्यांना मी नीट समजावून सांगते."

पल्लवी माझ्याकडे न बघता म्हणाली, "मीच बघते, मॅडम."

खरंच होतं ते. बाराव्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिनं चूल स्वतःकडे घेतलीय. मला कुणी काही म्हटलं नाही. वेळेवर ताट येतं, गरम असतं, नीट वाढलेलं असतं. मी आत गेले की ती सरकून जागा देते आणि मी बाहेर येईपर्यंत काम थांबवते. काल तिचं ते उत्तर ऐकून मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लगेच लाजही वाटली.

डॉक्टरीणबाईंनी आहाराचा कागद तिच्यापुढे ठेवला. तिनं तो पूर्ण वाचला, दोन शंका विचारल्या, घडी घातली आणि आपल्या पर्समध्ये ठेवला. मला दाखवला नाही.

बरं केलं तिनं, सुरेखा.